बोअरचे पाणी, कोरडा फडका आणि गाडीची चमक

मा. संपादक,

स.न.वि.वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की मराठवाड्यात वापरलेल्या गाड्यांचा बाजार तेजीत येतो. पुण्या-मुंबईहून, कधी दिल्लीकडून आणलेल्या ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी, थ्री सिरीज, सी-क्लास अशा गाड्या छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या रस्त्यांवर दिसू लागतात. चांगल्या गाडीची हौस या भागाला नवी नाही. शेंद्र्याच्या कारखान्यातून २००१ पासून स्कोडा बाहेर पडत आहेत, आणि २०१० च्या ऑक्टोबरात याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, त्याची चर्चा देशभर झाली होती. जुनी गाडी घेताना टर्बो, गिअरबॉक्स, सस्पेन्शन तपासायला लोक ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतात. रंग मात्र कोणी तपासत नाही. गाडी घरी आली की पहिला प्रश्न असतो, ‘कोणते वॅक्स लावू?’ हा प्रश्न खरे तर सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी काय करायचे आणि आपल्या हवेत, आपल्या पाण्यात कोणते वॅक्स टिकते, हे सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण अर्धवट माहितीने गाड्यांचे जे नुकसान रोज होते ते पाहवत नाही.

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या दैनिकाचा कागद अंदाजे ६५-७० मायक्रॉन जाड असतो. ज्या थरावर गाडीची चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण अवलंबून आहे, तो या कागदापेक्षाही पातळ आहे. बाजारात ज्याला ‘रबिंग’ म्हणतात ते हा थर घासून कमी करण्याचे काम. पॉलिशही तेच करते, फक्त बारीक. वॅक्स काहीच काढत नाही, ते वरून बसते. तीन वेगळी कामे आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत तिन्हींना ‘पॉलिश मारणे’ हा एकच शब्द. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. दर दिवाळीला ‘पॉलिश मारून’ घेणारा प्रत्येक वेळी दोन-चार मायक्रॉन क्लिअर कोट दुकानात ठेवून येतो. अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. एकूण आठ-दहा मायक्रॉनहून अधिक गेले की पुढच्या काही उन्हाळ्यांत बॉनेट आणि टपावर पांढरट चट्टे पडून पापुद्रे सुटू लागतात. एकदा पापुद्रे सुटले की त्यावर वॅक्स नाही, पॉलिश नाही, तो भाग पुन्हा रंगवणे एवढाच मार्ग उरतो.

म्हणून गाडी घेण्याआधीच रंग पाहावा. विक्रीला काढलेल्या गाडीवर सहसा सिलिकॉनयुक्त ग्लेझ चोळलेले असते. ते बारीक ओरखड्यांत भरून बसते आणि गाडी आरशासारखी दिसते. दोन-तीन धुण्यांत ते निघून जाते आणि खालची जाळी उघडी पडते. तपासायची रीत सोपी आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर १५ ला ८५ या प्रमाणात मिसळून छोट्या स्प्रे बाटलीत न्यावे. बॉनेटचा तळहाताएवढा, आधी धुतलेला भाग त्याने पुसावा आणि मोबाइलची टॉर्च तिरकी धरून पाहावे. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसल्या तर ते स्वर्ल. सलग ढगासारख्या, दिवा हलवला की सोबत हलणाऱ्या सावल्या दिसल्या तर ते होलोग्राम, म्हणजे आधीच कोणीतरी गोल फिरणाऱ्या मशीनने लोकरी पॅड चालवलेले आहे. विक्रेता पुसू देत नसेल तर त्याचा अर्थ समजून घ्यावा. या अल्कोहोलचे, म्हणजे स्पिरिटचे, प्रमाण मात्र वाढवू नये. नुकताच रंगवलेला पॅनेल जास्त स्पिरिटने मऊ पडतो.

रंगाची जाडी मोजायचे मीटर आता काही हजारांत मिळते. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही वाचणारे घ्यावे, कारण काही जर्मन गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असते आणि साधे चुंबकी मीटर तिथे आकडाच दाखवत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर दोन्ही प्रकारची साधी मीटर चालत नाहीत. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजून वहीत लिहावे. १०० ते १४० म्हणजे मूळ रंग. २०० च्या पुढे म्हणजे पुन्हा रंगवलेला. ५०० च्या पुढे गेले तर खाली पुट्टी आहे, आणि पुट्टी हजारावर जात असेल तर गाडी कशाला धडकली होती हे आधी विचारावे, चमक नंतर. ८० च्या खाली आकडा आला तर त्या पॅनेलवर घासायला आता काही शिल्लक नाही असे समजून फक्त धुणे आणि वॅक्स एवढ्यावर थांबावे. वेगवान गाड्यांना मागचे मालक बऱ्याचदा रंगीत फिल्म लावतात. ती काढताना स्थानिक दुकानात रंगवलेल्या पॅनेलचा रंग फिल्मसोबत सुटून येतो. मूळ रंगावर फक्त गोंद राहतो, तो सावकाश काढता येतो. खालचा रंग आरसी बुकातल्या रंगाशी जुळतो का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आता पाणी. मराठवाड्यात गाडीच्या रंगाचे सर्वांत मोठे शत्रू दोन. कोरडा फडका आणि बोअरचे पाणी. ऊन तिसरे.

सकाळी उठून गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकणे हे बहुतेक घरांत, सोसायट्यांत रोजचे काम आहे. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची बारीक पूड, मुरूम आणि खडी क्रशरची दगडी भुकटी. काळा दगड क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. फडका फिरला की प्रत्येक कण एक रेघ ओढतो. ज्या जाळीला लोक ‘गाडी जुनी झाली’ म्हणतात, तिचे वयाशी नाते नाही, रोजच्या पुसण्याशी आहे. मायक्रोफायबरचा महागडा फडकाही कोरड्या धुळीवर हेच करतो. धूळ असू द्यावी, ती उभ्या गाडीवर काही करत नाही. पुसायची तर भिजवूनच पुसावी.

बोअरच्या पाण्याचा हिशेब करून पाहावा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची (टीडीएस) स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. आपल्या भागातल्या अनेक बोअरचे पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते. धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिले आणि ते १५०० टीडीएसचे असले, तर वाळल्यावर जवळपास ३७५ मिलिग्रॅम क्षार रंगावर बसतात. दुपारच्या उन्हात धुतलेल्या काळ्या गाडीवर जे पांढरे गोल ठिपके दिसतात ते हेच. ताजे ठिपके पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे करून, फडका भिजवून एक-दोन मिनिटे ठेवला की सुटतात. नंतर साध्या शाम्पूच्या पाण्याने धुऊन काढावे. आठवडे गेले की क्षार रंगाला चरतो आणि ठिपक्याच्या जागी खळगा पडतो. मग व्हिनेगर चालत नाही, पॉलिशच लागते, म्हणजे पुन्हा क्लिअर कोट खर्च.

आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून अधिक दाट झालेले असतात. ते फरशीला, संडासाला वापरावे, गाडीला नको. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी याच्या अगदी उलट. हवेतली वाफ थंड होऊन झालेले ते पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. स्वच्छ बादलीत जमवून, फडक्यातून गाळून, शेवटचा हात त्याने फिरवला तर डाग पडत नाहीत. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने ते कमी जमते, पावसाळ्यात भरपूर. पहिले दोन-तीन पाऊस सोडून पत्र्यावरचे पावसाचे पाणी धरले तर तेही चालते.

२०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात पाइप लावून दीड-दोनशे लिटर पाणी गाडीवर ओतणे मनाला पटत नाही. त्याची गरजही नाही. रिन्सलेस वॉश म्हणून मिळणारे, नंतर पाणी ओतून धुवावे न लागणारे द्रव आठ लिटर पाण्यात साधारण ३० मिली टाकावे (बाटलीवरचे प्रमाण आधी वाचावे, प्रत्येकाचे वेगळे असते). त्यातलेच थोडे स्प्रे बाटलीत भरून एक पॅनेल पूर्ण ओले करावे, मिनिटभर थांबावे. मग बादलीत भिजलेला जाड मायक्रोफायबर चार घड्या घालून वरून खाली, एकाच दिशेने, न दाबता ओढावा. घडी बदलत जावे. आठही बाजू मळल्या की तो फडका पुन्हा त्या बादलीत बुडवू नये, दुसरा घ्यावा. एका गाडीला सात-आठ फडके लागतात, पाणी दहा लिटरच्या आत. टप आधी, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि दारांचा खालचा चिखलाचा भाग सगळ्यात शेवटी. शेतरस्त्याचा काळा चिखल चढला असेल तर मात्र ही रीत नको. आधी प्रेशरच्या पाण्याने चिखल सोडवून घ्यावा, मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. ती अल्कधर्मी असते आणि असलेले वॅक्स एका धुण्यात उतरवते. पीएच न्यूट्रल कार शाम्पू दहा लिटरला १०-१५ मिली पुरतो.

वॉशिंग सेंटरवर शेवटी डिझेल किंवा तेलाचा हात फिरवण्याची जी प्रथा आहे तिच्याबद्दल स्पष्टच लिहायला हवे. दिवसभर गाडी चमकते, दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर धूळ चिकटते आणि ती पुसायला फडका आणखी जोरात फिरतो. रबरी बीडिंग, बुश, नळ्या तेलाने फुगतात. टर्बो गाडीच्या इंजिनवर पाण्याचा फवारा आणि वर डिझेल म्हणजे सेन्सर आणि कॉइलच्या कनेक्टरची वाट लावणे. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, तो वापरावा.

धुतल्यानंतर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटे फिरवावीत. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. ही खर म्हणजे रंगात रुतलेले कण. जालन्याच्या स्टील कारखान्यांजवळ उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात, ते लोखंडाचे. परळीकडे औष्णिक केंद्राची राख, आणि लातूर, बीड, धाराशिवला गाळप हंगामात साखर कारखान्याची काजळी. लोखंडावर आयर्न रिमूव्हर मारावा. तो जांभळा होऊन ओघळू लागला की काम होते आहे असे समजावे. चार-पाच मिनिटांत, वाळू न देता, भरपूर पाण्याने काढावा. तापलेल्या पत्र्यावर कधीच मारू नये. वास उग्र असतो, हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करावे. राख आणि काजळी मात्र घासण्याआधी पाण्याने सोडवावी, तिच्यात सिलिका असते.

मग क्ले, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारी मऊ वडी. १०० ग्रॅमच्या वडीचे तीन तुकडे करून एक वापरावा. दोन फूट बाय दोन फूट भाग शाम्पूच्या पाण्याने निसरडा करून पुऱ्यांच्या कणकेसारखी चपटी केलेली क्ले सरळ रेषेत हलकेच सरकवावी. आवाज यायचा थांबला की तो भाग झाला. क्ले काळी पडली की घडी घालून नवी बाजू घ्यावी. जमिनीवर पडली तर टाकून द्यावी, धुऊन वापरू नये. क्लेने रंगावर बारीक धूसरपणा येऊ शकतो, म्हणून ज्या गाडीला पुढे पॉलिश करायचे नाही तिला क्लेही जपून.

पॉलिशसाठी आमचा आग्रह एकच. सर्वांत सौम्य जोडीपासून सुरुवात करावी. मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, उदाहरणार्थ मेग्वायर्स एम २०५ किंवा त्या जातीचे काहीही. डिकीच्या झाकणाचा दीड फूट चौकोन घेऊन करून पाहावा, स्पिरिटच्या द्रावणाने पुसावा, टॉर्चने तपासावा. जाळी ऐंशी टक्के गेली तर तेवढ्यावर समाधान मानावे. गेली नाही तर आधी पॅड बदलावे, पॉलिश तेच ठेवून. तरीही नाही तर कंपाउंड, म्हणजे अधिक जोरात घासणारे द्रव्य. जर्मन गाड्यांचा क्लिअर कोट बहुधा कठीण असतो, तिथे मधल्या प्रतीचे पॅड लागते. जपानी गाडीचा काळा रंग बऱ्याचदा इतका मऊ असतो की फडक्यानेही रेघ उठते. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जात नाही. तो जाईपर्यंत घासू नये, आजूबाजू साफ करून तसाच राहू द्यावा.

मशीन डीए घ्यावे, म्हणजे फिरता फिरता हलणारे. दुकानांतले गोल फिरणारे रोटरी मशीन अनुभवी हातात उत्तम, शिकाऊ हातात घातक. ते एका जागी दोन-तीन सेकंद जास्त थांबले की कडेचा रंग जळतो. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, म्हणून तो पत्र्याच्याही आधी जळतो. बॉडीच्या धारा, दारांच्या कडा, स्पॉयलरच्या कोपऱ्यांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावावी. काळ्या प्लॅस्टिकवर, रबरावरही टेप. पाच इंची पॅडवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे चार-पाच थेंब, पुढच्या वेळी तीन पुरतात. आधी कमी वेगावर पसरावे, मग चार-पाच नंबरवर, सेकंदाला इंच-दोन इंच अशा संथ गतीने, आडवे-उभे मिळून चार ते सहा फेऱ्या. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडावे. हे न केल्यामुळेच बहुतेक कामे बिघडतात. निघालेला रंग आणि वाळलेले पॉलिश पॅडमध्ये साठते आणि तेच नवे ओरखडे काढते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पॉलिश मिनिटभरात पावडर होते, म्हणून काम सकाळी नऊच्या आत किंवा सावलीत संध्याकाळी, पत्रा हाताला थंड लागत असतानाच करावे. वर पंखा लावू नये, तो धूळ आणून टाकतो. पूर्ण गाडीला आठ ते बारा तास लागतात. दोन तासांत ‘फुल बॉडी पॉलिश’ करून देतो म्हणणारा काय करतो, याचा अंदाज आता वाचकांना यावा.

स्थानिक दुकानात रंगवलेला पॅनेल असेल तर आणखी एक खबरदारी. फडक्यावर गाडीचाच रंग उतरू लागला तर वर क्लिअर कोट नाही, ताबडतोब थांबावे. ताज्या रंगातले सॉल्व्हंट उडून जायला वेळ लागतो. रंगानुसार ३० ते ९० दिवस सांगतात, आम्ही ६० च्या आत वॅक्स लावू नये असे सुचवू.

इतके झाल्यावर वॅक्स. कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते, मधमाशीचे मेण ६२-६४ ला. शुद्ध कार्नौबा विटेसारखे कठीण असते, ते रंगावर लावताच येत नाही. त्यामुळे डब्यावर ‘शंभर टक्के’ लिहिलेले असले तरी आत सॉल्व्हंट, तेले आणि दुसरी मेणे असतातच. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४४ वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या काळ्या गाडीचे टप ७० अंशांच्या पुढे तापते. अशा तव्यावर कार्नौबाचा थर मऊ पडतो, धूळ धरतो आणि चार-सहा आठवड्यांत संपतो. थंडीत, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, त्याची खुमारी वेगळीच. लाल, काळ्या, गडद निळ्या रंगाला जी ओली खोली येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर हा फरक डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, तिथे कार्नौबाचे पैसे वाया.

सिंथेटिक पॉलिमर सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, रंगाला घट्ट धरतो. त्याला उष्णता आणि शाम्पू दोन्ही सोसतात, आणि आपल्या उन्हातही तो तीन-चार महिने निभतो. मराठवाड्यात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीला आमची शिफारस हीच. एक हात होळीच्या सुमारास, दुसरा मृगाच्या आधी, तिसरा दसऱ्याला. ज्याला हौस आहे त्याने दिवाळीनंतर सीलंटवर कार्नौबाचा पातळ हात द्यावा. क्रम उलटा करू नये, मेणावर सीलंट धरत नाही. ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलेल्या बाटलीत बारीक घासणारे द्रव्य असते. ते वर्षात तीनदा लावायची गोष्ट नाही. निवडताना आणखी एक पाहावे. पाण्याचे टपोरे मोती उभे राहणे जाहिरातीत छान दिसते, पण क्षाराच्या पाण्यात प्रत्येक मोती वाळून एक ठिपका सोडतो. पाणी पडद्यासारखे सरकून खाली उतरवणारे सीलंट मिळत असेल तर आपल्या भागात ते अधिक बरे.

लावायचे किती? पूर्ण गाडीला द्रव सीलंट १५-२० मिली पुरतो. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात आणि पट्टे राहतात. फोमच्या ॲप्लिकेटरने इतका पातळ लावावा की तो जेमतेम दिसावा. बोट ओढून पाहावे. बोटाखाली रंग स्वच्छ चमकला तर पुसायची वेळ झाली, फरकटला तर थांबावे. पेस्ट कार्नौबा मात्र दोनच पॅनेलला लावून लगेच पुसत पुढे जावे, आपल्या हवेत तो पटकन धरतो. सीलंटचा दुसरा थर १२ ते २४ तासांनी. काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स लागून पांढरे डाग पडले तर ऑल-पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात घेऊन जुन्या टूथब्रशने घासावे.

‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाखाली होणाऱ्या कामाबद्दल एवढेच. पीटीएफई ३२७ अंशांना वितळते. तव्यावर त्याचा थर भट्टीतल्या उष्णतेने बसवतात. गाडीवर तशी उष्णता देताच येत नाही. मिळते ते साधे पॉलिमर पॉलिश, आणि त्याआधी न विचारता केलेले रबिंग. सिरॅमिक कोटिंग ही खरी गोष्ट आहे, पण ‘नाइन एच’ म्हणजे हिऱ्याच्या जवळचा कठीणपणा नव्हे. ते पेन्सिलच्या शिशाचे माप आहे. खडी उडून टवका गेला तर तो जाणारच. कोटिंगखाली जाळी राहिली तर ती काढायला कोटिंगच घासून काढावे लागते, आणि बोअरच्या पाण्याचे डाग कोटिंगवरही पडतात. गाडी रोज शेडमध्ये राहत असेल आणि धुण्याची शिस्त असेल तरच त्यावर खर्च करावा.

दसऱ्याची पूजा करावीच. फक्त हळद-कुंकवाचे स्वस्तिक रंगाऐवजी पुढच्या काचेवर काढावे. आजकालच्या कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि ओल्या कुंकवाचा डाग पांढऱ्या, वॅक्स नसलेल्या बॉनेटमध्ये मुरतो. हळदीचा पिवळेपणा उन्हाने आपोआप फिका पडतो, कुंकवाचा पडत नाही. झेंडूचा हार दोऱ्यात ओवलेला घ्यावा, तारेचा नको. वाऱ्याने हलणारी तार एका प्रवासात ग्रिलभोवतीचा रंग खरवडते. नारळाचे पाणी उडाले तर लगेच ओल्या फडक्याने टिपावे. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीकही तसेच, उन्हात काही तासांतच त्यांचा ठसा रंगात उमटतो. कोरडे खरवडू नये, ओला फडका पाच मिनिटे वर ठेवावा, मग उचलावा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पिवळे पडलेले हेडलाइट ८००, १०००, २०००, ३००० अशा ओल्या पॉलिश पेपरने घासून वर अतिनील-रोधक टू-के क्लिअर मारला तरच टिकतात. नुसती टूथपेस्ट चोळली तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे. अलॉय चाकांना गाडीपेक्षा वेगळी बादली, वेगळा फडका. लेथवर कापलेल्या चकचकीत अलॉयला ॲसिडचा क्लीनर लावू नये, कडेने बुरशीसारखा पांढरा गंज धरतो. सायलेन्सरची टोके शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलने आणि मेटल पॉलिशने उजळतात. टायरचे ड्रेसिंग फक्त बाजूला लावावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेक डिस्कवर ते गेले तर दोनशे हॉर्सपॉवरची गाडी वळणावर सुटू शकते. पॉलिश करताना डिस्क झाकून ठेवाव्यात, तेही याचसाठी.

संपादक महोदय, वॉशिंग सेंटर आणि पॉलिशची दुकाने चालवणाऱ्यांना आपल्या दैनिकातून एक विनंती करायची आहे. दरपत्रकावर ‘पॉलिश’ असा एकच शब्द न लिहिता रबिंग, पॉलिश, वॅक्स असे तीन वेगळे रकाने करावेत आणि कोणत्या कामात रंग घासला जातो हे लिहावे. धुण्याच्या पाण्याचा टीडीएस पाटीवर लावावा, तो मोजायचे पेन काही शे रुपयांत मिळते. घासण्याआधी आणि नंतर जाडीचे आकडे ग्राहकाला लिहून द्यावेत. ग्राहकांनीही या तीन गोष्टी किल्ली हातात देण्याआधी विचाराव्यात. आपल्या शहर पुरवणीत जुन्या गाड्यांच्या जाहिराती दर आठवड्याला येतात. त्याच पानावर गाडीचा रंग तपासायच्या चार ओळी छापता आल्या तर या हंगामात गाडी घेणाऱ्या अनेकांच्या उपयोगी पडतील.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गाड्यांच्या रंगाचे काम करणारे वाचक,
छत्रपती संभाजीनगर